कंबर दुखतेय म्हणून व्यायाम सुरू केलात? मग या चुका टाळा

कंबर धरली की दोन दिवस पलंग, तिसऱ्या दिवशी पट्टा आणि चौथ्या दिवशी यूट्यूब. ठाणे-वाशी लोकलमध्ये रोज उभ्याने जाणाऱ्यांचा हा ठरलेला क्रम. पडून राहण्याने कंबर आखडते, एवढं कळलं तरी पुष्कळ.

उठल्या उठल्या पायाची बोटं पकडणं. रात्रभर आडवं असताना मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. त्या वेळी वाकलं की त्यांच्यावर जास्त ताण येतो. पहिला तासभर वाकू नका. आधी दहा मिनिटं चाला, बुटाची नाडी पाय स्टुलावर ठेवून बांधा.

दुखणं थांबलं म्हणजे कंबर बरी झाली असं समजणं. ही चूक सगळ्यात महागात पडते. घोडबंदर रोडच्या कुठल्याही जिममध्ये असा एक गडी सापडतोच. तीन आठवडे इमानदारीत बर्ड डॉग (रांगण्याच्या स्थितीत एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय उचलणं) आणि साइड प्लँक (कुशीवर, कोपर टेकवून अंग सरळ उचलून धरणं) करतो, दुखणं जातं. मग सोमवारी थेट 60 किलोची डेडलिफ्ट, म्हणजे वजनाचा बार जमिनीवरून उचलणं. तिसऱ्यांदा उचलताना पाठ गोल होते, तेव्हा काही कळत नाही. संध्याकाळी रिक्षात बसताना चमक भरते. पुन्हा पट्टा!

त्यापेक्षा झाडूचा दांडा घ्या. तो पाठीला उभा धरा: डोक्याचा मागचा भाग, खांद्यांमधली पाठ आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी टेकला पाहिजे. गुडघे किंचित सैल सोडून नितंब मागे ढकला. एक जागा सुटली की तिथेच थांबा, तेवढीच तुमची खोली. रोज दहाचे दोन सेट. ते जमलं की 8 किलोचं केटलबेल (वर मूठ असलेलं गोल वजन), तेही स्टुलावरून उचलायचं. सलग दोन आठवडे कुरबुर नसेल, तरच उंची कमी करायची. कंटाळवाणं आहे, असूद्या.

सिट-अप्स सोडाच. तीन मिनिटांचा प्लँक फोटोपुरता ठीक. साइड प्लँक दहा-दहा सेकंदांचा, आधी सहा वेळा, मग चार, मग दोन. ठाण्याच्या तलावपाळीला तासभर रेटण्यापेक्षा पंधरा मिनिटं तीनदा चाला. व्यायाम करताना कळ पायात खाली सरकू लागली तर तो प्रकार बंद. वर कमरेकडे परतत असेल तर चालू ठेवा.

लघवी अडली किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला, पाऊल उचलेनासं झालं, तर व्यायाम नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल.

आणि पर्सनल ट्रेनरने पहिल्या दिवशी "जरा वाकून दाखवा" न म्हणता थेट मशीनवर बसवलं, तर पुढच्या महिन्याची फी भरू नका.