इंजिन बसलं म्हणण्याआधी: जुन्या स्पोर्ट्स कारची तपासणी

मे महिन्यात पुणे-सोलापूर रस्त्यावर, पारा ४२ च्या पुढे असताना जुनी स्पोर्ट्स कार बंद पडली, की बॉनेट उघडायच्या आतच निकाल लागतो: "इंजिन गेलं, फुल काम काढावं लागेल." खोलायची घाई करू नका. दोन तासांच्या तपासणीत नेमकं काय गेलंय ते कळतं.

तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला की गाडी बाजूला घ्या आणि बंद करा. "मोहोळपर्यंत जाऊ कसंतरी" या हट्टापायी अ‍ॅल्युमिनियमचं हेड (सिलिंडरांवरचं झाकण) वाकतं. रेडिएटरचं झाकण पाऊण तास तरी उघडू नका आणि तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका, तडा जातो. काटा जागेवर असताना कार्बोरेटरची गाडी थांबली, तर आधी व्हेपर लॉकचा, म्हणजे नळीत पेट्रोलची वाफ अडकल्याचा, संशय घ्या. पेट्रोल पंपावर आणि नळीवर ओलं फडकं टाकून वीस मिनिटं थांबा. इग्निशन कॉइलही तापल्यावर दगा देते आणि गार झाली की शहाण्यासारखी वागते, म्हणून ठिणगी गाडी गरम असतानाच बघा.

सेल्फ मारल्यावर इंजिन नेहमीपेक्षा हलकं, एकसुरी गरगर फिरतंय? टायमिंग बेल्ट (क्रँकच्या तालात व्हॉल्व्ह चालवणारा पट्टा) तुटला असावा. पुन्हा सेल्फ मारू नका. बऱ्याच इंजिनांत अशा वेळी पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. गाडी ओढून नेतानाही गिअर न्यूट्रलमध्येच हवा. हौसेच्या गाड्या वर्षाला हजार किलोमीटरही चालत नाहीत, पण बेल्टचं रबर वयानंही मरतं. मीटर काहीही सांगो, पाच वर्षं झाली की बदला.

नुसतं "खट्" वाजून थांबलं, तर बॅटरी तपासून सगळे स्पार्क प्लग काढा आणि क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हातानं फिरवा. प्लगच्या भोकातून पाणी उडालं, तर बहुधा हेड गॅसकेट (हेडखालचं सील) गेलंय. तसूभरही हललं नाही, तर इंजिन जाम आहे. पान्याला पाइप लावून जोर करू नका, ते खोलावंच लागेल. डिपस्टिकवर दुधाळ चहासारखं ऑइल म्हणजे पाणी मिसळलंय. ऑइलमध्ये चमचमता कीस दिसला तर बेअरिंग गेली, मग फुल कामाला पर्याय नाही.

इंजिन फिरत असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. सगळे प्लग बाहेर, कॉइल आणि पेट्रोल बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा झटके. बऱ्याच निरोगी पेट्रोल इंजिनांत साधारण १५० ते १९० पीएसआय (दाबाचं एकक) येतात. पण आकड्यापेक्षा सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा: १५ टक्क्यांहून जास्त असेल तर कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. नाही वाढला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी असतील तर त्यांच्यामधलं गॅसकेट उडालंय.

हेड उतरवलंच, तर स्टीलची सरळपट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून बघा. ०.१० मिमीपेक्षा जास्त वाक असेल तर फेसिंग करून (मशीनवर घासून सपाट करून) घ्या, मात्र हेडची किमान उंची मॅन्युअलमध्ये पाहूनच. जास्त घासलं की कॉम्प्रेशन वाढतं आणि इंजिन ठोकायला लागतं. ताणून बसणारे बोल्ट पुन्हा वापरू नका. कसताना मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानं, टॉर्क पान्यानं.

एवढं करून मूळ कारण राहिलं, तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये भरणं ही इकडची जुनी खोड. त्यातले क्षार नळ्यांत आणि वॉटर जॅकेटमध्ये (इंजिनातल्या पाण्याच्या वाटांत) थर धरतात, उष्णता बाहेर पडत नाही. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं, एवढंच भरा. दुसरी खोड म्हणजे "गरम हवा आहे, कशाला लागतो" म्हणून थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरकडे उघडणारी झडप) काढून फेकणं. काही इंजिनांत त्यामुळे पाणी रेडिएटर टाळून बायपासमधूनच फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते. थर्मोस्टॅट पातेल्यात उकळून बघा, साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागला पाहिजे. नाही उघडला तर नवा टाका.

आणि दुरुस्तीऐवजी दुसरं इंजिन बसवलं, तर एमएच-१३ च्या, म्हणजे सोलापूरच्या, आरटीओत आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्या. विम्याचा दावा करताना आधी तोच ताडून बघतात.