मायकोरायझावर काम करायचे ठरवत असाल तर

वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा मृदाशास्त्रात एम.एस्सी. करणारे विद्यार्थी मायकोरायझाकडे, म्हणजे वनस्पतीची मुळे आणि बुरशी यांच्या सहजीवनाकडे, बहुधा एकाच वाटेने येतात. जंगलातली झाडे जमिनीखालच्या बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांना अन्न पुरवतात, असे कुठेतरी वाचलेले असते आणि आपणही तेच शोधावे असे वाटू लागते. या कल्पनेमागे खरे संशोधन आहे. सुझॅन सिमार्ड आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाच्या जंगलात बर्च आणि डग्लस फर यांच्या रोपांमध्ये कार्बनची ये-जा मोजली होती. परंतु 2023 मध्ये याच क्षेत्रातील तिघा संशोधकांनी आजवरचे पुरावे तपासले आणि प्रत्यक्ष जंगलात अशा जाळ्यांमुळे रोपांना फायदा होतो हे अजून पुरेसे सिद्ध झालेले नाही, असे स्पष्ट लिहिले. म्हणून माझा सल्ला असा की, जंगल तूर्त बाजूला ठेवावे आणि ज्वारीच्या कुंडीपासून सुरुवात करावी.

शेतीतल्या बहुतेक पिकांच्या मुळांत आर्बस्क्युलर प्रकारची बुरशी असते आणि तिचा मुख्य व्यवहार स्फुरदाचा (फॉस्फरसचा) असतो. स्फुरद जमिनीत फारसा हलत नाही. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत तर तो कॅल्शियमशी बांधला जातो. मूळ आपल्या भोवतीच्या मिलिमीटर-दोन मिलिमीटर पट्ट्यातला स्फुरद लवकर संपवते आणि त्यापलीकडचा साठा त्याच्या हाती लागत नाही. मुळापेक्षा कितीतरी बारीक असलेले कवकतंतू (बुरशीचे धागे) हा रिकामा पट्टा ओलांडून काही सेंटिमीटर पुढे जातात, स्फुरद शोषतात, पॉलिफॉस्फेटच्या साखळ्यांच्या रूपात आत वाहून आणतात आणि मुळाच्या पेशीत तयार झालेल्या आर्बस्क्युलपाशी (बुरशीच्या झुडपासारख्या फांद्या फुटलेल्या भागापाशी) सोडतात, जिथे वनस्पतीचे स्वतःचे वाहक प्रथिन तो उचलून घेते. मोबदल्यात वनस्पती तिने तयार केलेल्या अन्नातला साधारण 4 ते 20 टक्के वाटा देते. हा मोबदला केवळ शर्करेचा असतो, असे आम्हाला शिकवले गेले होते. ही बुरशी मेदाम्ले स्वतः बनवू शकत नाही आणि तीही वनस्पतीकडूनच घेते, हे 2017 मध्ये एकापाठोपाठ आलेल्या शोधनिबंधांनी दाखवून दिले. जुन्या क्रमिक पुस्तकावर अभ्यास करत असाल तर एवढी दुरुस्ती समासात करून ठेवावी.

सुरुवातीचे काही महिने जातात ते मुळे रंगवण्यात. ही पद्धत फिलिप्स आणि हेमन यांनी 1970 मध्ये दिली आणि थोड्याफार फरकाने आजही तीच चालते. बारीक मुळे धुऊन 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये 90 अंशांवर ठेवायची, पाण्याने धुवायची, सौम्य आम्लात बुडवायची आणि मग ट्रिपॅन ब्लूने रंगवायची. ज्वारीच्या कोवळ्या मुळांना पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये तासभर पुरतो. कमी वेळ दिला तर पेशीतले द्रव्य तसेच राहून सगळे धूसर दिसते आणि जास्त दिला तर चिमट्यात धरताच मुळाची साल निघून येते. ट्रिपॅन ब्लू आरोग्याला घातक मानला जातो, त्यामुळे हातमोजे टाळू नयेत. लिहिण्याची शाई आणि पांढरे व्हिनेगर वापरून रंगवण्याची एक स्वस्त पद्धतही 1998 पासून उपलब्ध आहे, आणि लहान महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेसाठी मला तीच अधिक योग्य वाटते.

नीट रंगलेला आर्बस्क्युल पहिल्यांदा ओळखू येणे ही खरी पायरी आहे. फ्लॉवरचा गड्डा उभा चिरल्यावर देठापासून दुभंगत जाणारा जो आकार दिसतो, तसाच आकार एका पेशीत मावलेला दिसतो. (फ्लॉवर, कोबी आणि मोहरी यांच्या स्वतःच्या मुळांत मात्र ही बुरशी नांदत नाही, त्यामुळे ती पिके प्रयोगासाठी निवडू नयेत.) कुजक्या मुळांवर वाढणाऱ्या इतर बुरश्याही त्याच रंगाने निळ्या होतात, त्यांच्या तंतूंना सहसा ठराविक अंतरावर आडपडदे असतात, आपल्या बुरशीच्या कोवळ्या तंतूंना ते बहुधा नसतात. हा फरक डोळ्यांत बसेपर्यंत मोजणीला हात घालू नये. मोजणीसाठी मॅकगोनिगल आणि सहकाऱ्यांची 1990 ची छेदबिंदूंची पद्धत शिकावी, कारण तिच्यात तंतू, व्हेसिकल (बुरशीच्या साठवणीच्या फुगीर पिशव्या) आणि आर्बस्क्युल यांची नोंद वेगवेगळी होते.

आता मुख्य मुद्दा. मुळांचा साठ टक्के भाग बुरशीने व्यापला आहे, एवढ्यावरून देवाणघेवाण किती झाली ते कळत नाही. आपल्याकडचे कित्येक प्रबंध व्याप्तीची टक्केवारी आणि रोपाची उंची यांची सांगड घालून पुढे थेट ‘पोषणद्रव्यांचे वहन वाढले’ असा निष्कर्ष काढतात. तो त्या आकड्यांतून निघत नाही. वहन मोजायचे तर कुंडीत नायलॉनच्या जाळीने वेगळा कप्पा करावा लागतो. जाळीची छिद्रे तीसेक मायक्रॉनची असली की मूळ अडते आणि तंतू पलीकडे जातात. त्या कप्प्यात किरणोत्सारी स्फुरद ठेवला आणि तो पानांत सापडला, तर तो बुरशीच्याच वाटेने आला असे म्हणता येते. सॅली स्मिथ आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये असाच प्रयोग केला, तेव्हा एका बुरशीच्या सोबतीने वाढलेल्या टोमॅटोत जवळजवळ सगळा स्फुरद बुरशीमार्फत आल्याचे आढळले, तरी रोपांची वाढ बुरशीविना वाढवलेल्या रोपांपेक्षा सरस नव्हती. उंची मोजून हा व्यवहार कधीच उघड झाला नसता. किरणोत्सारी पदार्थांसाठी परवानगी आणि प्रशिक्षित अधिकारी लागतो, म्हणून विषय ठरवण्याआधी संस्थेत ती सोय आहे का हे मार्गदर्शकांना स्पष्ट विचारावे. सोय नसेल, तर जाळीच्या कप्प्यातला स्फुरद आधी आणि नंतर मोजण्याची साधी मांडणीही पदव्युत्तर प्रकल्पाला पुरते.

कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठी बुरशीविना ठेवलेल्या, कुंडीबाबत एक बारकावा सांगतो. निर्जंतुक मातीत बुरशीचे विरजण (बुरशी असलेली माती व मुळे) घालताना त्यासोबत मातीतले जिवाणूही जातात. त्यामुळे कंट्रोलमध्ये त्याच विरजणाचे बारीक गाळलेले पाणी घालावे लागते; नाहीतर जिवाणूंचे श्रेय बुरशीला जाते. तसेच स्फुरदाच्या किमान दोन-तीन मात्रा ठेवाव्यात, कारण भरपूर स्फुरद मिळाला की वनस्पती स्वतःच बुरशीला आवर घालते.

शिकण्यासाठी गोवा विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग मराठी विद्यार्थ्यांना जवळचा आहे. तिथे या बुरश्यांच्या वर्गीकरणावर दीर्घकाळ काम झाले आहे. दिल्लीच्या टेरी संस्थेने जनुकीय बदल केलेल्या मुळांवर ही बुरशी वाढवण्याच्या तंत्रावर काम केले आहे. पीएच.डी.साठी नेट-जेआरएफ मिळाल्यास 2023 पासून दरमहा 37,000 रुपये छात्रवृत्ती आहे. ती न मिळता प्रकल्पाच्या तात्पुरत्या पगारावर सुरुवात करणारे अनेक असतात आणि त्यात कमीपणा नाही, फक्त मुदत लेखी घ्यावी.

नोकऱ्या प्रामुख्याने जैविक खतांच्या उत्पादनात आणि गुणनियंत्रणात मिळतात. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नसल्याने रायझोबियम या जिवाणूसारखी थेट टाकीत वाढवता येत नाही, आणि पाकिटातले बीजाणू जिवंत आहेत का हे ठरवायला रोप लावून काही आठवडे थांबावे लागते. मुलाखतीला जाल तेव्हा ही चाचणी कंपनीत होते का, की केवळ चाळणीवर बीजाणू मोजून पाकिटे सील होतात, हे अवश्य विचारावे. पुढची काही वर्षे तिथे आपण काय शिकणार, याचा अंदाज त्या उत्तरावरून बऱ्यापैकी येतो.