पक्षीनिरीक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं अ‍ॅडमिनपद गळ्यात पडलंय? मग हे वाचा

नियम चारच ठेवा, पंधरा कोणी वाचत नाही, आणि ते ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये टाका म्हणजे नंतर "मला माहितीच नव्हतं" हे नाटक चालत नाही. आमच्याकडे सगळ्यात कडक नियम घरट्याचा. घरट्याचा फोटो नाही, लोकेशन तर अजिबात नाही, कारण एकदा का स्वर्गीय नर्तक पक्ष्याच्या घरट्याचा पत्ता फुटला की रविवारी सकाळी दहा कॅमेरे तिथे हजर, मग पक्षी बिथरून घरटं सोडतात आणि पिल्लं उपाशी.

असा मेसेज आला तर वाद घालत बसू नका, आधी सगळ्यांसाठी डिलीट मारा (व्हॉट्सअ‍ॅपने अ‍ॅडमिनला ही सोय २०२२ पासून दिलीय) आणि मग त्या माणसाला पर्सनलवर सांगा का उडवला ते. चारचौघांत झापलं की माणूस नुसता पेटतो. दुसऱ्यांदा तेच केलं तर सरळ काढा, हवं तर तीन महिन्यांनी परत घ्या. मोठी लेन्सवाल्या सीनियर काकांना सूट दिलीत तर मात्र विसरा, उद्या कोणी ऐकणार नाही.

गुड मॉर्निंगवाल्यांना एकदा सांगून बघा, बाकी देवावर सोडा.

अजून एक, मेंबरने काही भलतंच टाकलं तर आपल्यावर केस होईल का म्हणून बरेच अ‍ॅडमिन घाबरतात. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय की अ‍ॅडमिनचा त्यात हात किंवा आधीपासून संगनमत नसेल तर दुसऱ्याच्या पोस्टसाठी त्याला जबाबदार धरता येत नाही. तरी नवीन मेंबरसाठी अप्रूव्हल ऑन ठेवा आणि जोडीला एक अ‍ॅडमिन घ्या, तुम्ही जंगलात रेंजबाहेर असताना ग्रुप पेटतोच.