मोशन कॅप्चरच्या तीन हालचाली एका दृश्यात जोडताना

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका गल्लीत, पाळी संपवून यंत्रमागावरून सुटलेला कामगार चालत येतो, चहाच्या टपरीसमोर थांबतो आणि हात उंचावून चहा सांगतो, एवढेच दृश्य आपल्याला करायचे आहे. खऱ्या माणसाच्या हालचाली टिपून (मोशन कॅप्चर करून) बनवलेल्या या तिन्ही हालचाली मिक्सामो या संकेतस्थळावर तयार मिळतात आणि ब्लेंडर हे थ्रीडी ॲनिमेशनचे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे, त्यामुळे साहित्याची अडचण नाही. अडचण येते ती सांध्यावर: थांबण्याच्या क्षणी कामगार एकदम गल्लीच्या तोंडाशी परत जातो किंवा त्याचे पाय जमिनीवरून घसरतात. अशा वेळी नवशिक्याचा हात मिश्रण, म्हणजे एक हालचाल हळूहळू दुसरीत मिसळण्याचा काळ, वाढवण्याकडे जातो. माझे मत असे की मिश्रण शेवटी करावे. जमिनीवर टेकलेले पाऊल दोन्ही हालचालींत एकाच जागी आणणे हे त्याआधीचे आणि खरे काम आहे.

मिक्सामोवर तिन्ही हालचालींसाठी एकच पात्र निवडावे. पहिली एफबीएक्स (थ्रीडी पात्र व हालचाल साठवणारी) फाइल त्वचेसह, म्हणजे पात्राच्या दिसणाऱ्या शरीरासह, आणि उरलेल्या दोन त्वचेशिवाय, सर्व सेकंदाला ३० फ्रेम या गतीने उतरवून घ्याव्यात. चालण्याच्या हालचालीवरची ‘इन प्लेस’ची खूण काढलेली असावी, म्हणजे पात्र खरोखर पुढे सरकते. ब्लेंडरची मूळ गती २४ फ्रेमची असते. ती फाइल आत घेण्यापूर्वीच ३० करावी. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या मोफत संग्रहातल्या हालचाली १२० फ्रेमने टिपलेल्या आहेत आणि त्यांच्या सांगाड्यातील (पात्राला आतून हलवणाऱ्या हाडांच्या जोडणीतील) हाडांची नावेही वेगळी असतात, म्हणून पहिल्या दृश्यात दोन ठिकाणचा माल एकत्र करू नये.

प्रत्येक फाइलबरोबर एक नवा सांगाडा येतो आणि त्यांच्या ॲक्शनची (ब्लेंडरमध्ये साठवलेल्या हालचालींची) नावे जवळजवळ सारखीच असतात. ती लगेच बदलून ‘चाल’, ‘थांबणे’, ‘हात’ अशी ठेवावीत, नावाशेजारचे, ॲक्शन जपून ठेवणारे ढालीचे चिन्ह चालू आहे ना ते पाहावे आणि मगच जादा सांगाडे पुसावेत. ब्लेंडरच्या ४.४ आवृत्तीपासून ॲक्शनमध्ये स्लॉट, म्हणजे हालचाल कोणाला लागू करायची ते ठरवणारे कप्पे, आले आहेत. ॲक्शन लावूनही पात्र हलले नाही, तर स्लॉटचा रकाना रिकामा राहिला असण्याची शक्यता मोठी असते.

आता ‘चाल’ पुश डाउन करून एनएलए एडिटरमध्ये, म्हणजे हालचाली एकापुढे एक वा एकावर एक मांडण्याच्या खिडकीत, पट्टी म्हणून ठेवावी. मिक्सामोची चाल बहुधा दोनच पावलांची असल्यामुळे तिच्यापुढे ओळीने तिच्या आणखी दोन प्रती लागतील, आणि त्या स्वतंत्र ॲक्शन असाव्यात, कारण प्रत्येकीत वेगळा बदल करायचा आहे. दुसऱ्या पट्टीवर टॅब दाबून (म्हणजे ती बदलासाठी उघडून) ग्राफ एडिटर, म्हणजे किमतींचे चढउतार वक्रांनी दाखवणारी खिडकी, उघडावा आणि कमरेच्या हाडाच्या, म्हणजे हिप्सच्या, स्थानाचे तीन वक्र पाहावेत. त्यांपैकी ज्याची किंमत सतत एकाच दिशेने सरकत जाते, तो पुढे जाण्याचा वक्र होय. सांगाडा ०.०१ प्रमाणात आलेला असल्यामुळे येथील आकडे सेंटिमीटरमध्ये असतात. एका आवर्तनात (दोन पावलांत) कंबर १५० ने पुढे गेली असेल, तर दुसऱ्या प्रतीतील त्या वक्राचे सर्व बिंदू निवडून जी, मग वाय या कळा दाबून १५० टाकावे आणि तिसऱ्या प्रतीत ३००. चालीचा शेवट आणि आरंभ एकाच ढंगाचा असल्याने येथे मिश्रणाची गरज पडत नाही.

‘थांबणे’ ही पट्टी मात्र वरच्या ट्रॅकवर (पट्ट्यांच्या ओळीवर) घ्यावी, कारण एकाच ट्रॅकवर दोन पट्ट्या एकमेकींवर चढत नाहीत. तिचे एक्स्ट्रापोलेशन, म्हणजे पट्टीच्या आधी व नंतर काय दिसावे ते, ‘होल्ड फॉरवर्ड’ करावे. ते नुसते ‘होल्ड’ राहिले, तर वरची पट्टी सुरू होण्याच्या आधीपासूनच खालची चाल झाकून टाकते आणि कामगार जागचा हलत नाही. मग चालीतली अशी फ्रेम शोधावी, जिथे उजवे पाऊल नुकतेच पूर्ण टेकले आहे, आणि ‘थांबणे’मधली तशीच फ्रेम तिच्यावर येईल अशी पट्टी सरकवावी. वरचा ट्रॅक बंद करून उजव्या पायाच्या बोटांचे हाड निवडावे आणि शिफ्ट व एस दाबून थ्रीडी कर्सर (दृश्यातले खुणेचे वर्तुळ) त्यावर आणावा. ट्रॅक पुन्हा चालू केल्यावर बोटे कर्सरपासून जितकी दूर दिसतील, तितके अंतर ‘थांबणे’मधील कमरेच्या वक्रात मघाच्याच रीतीने भरून काढावे. बोटे कर्सरवर नेमकी आली की मगच ‘ब्लेंड इन’, म्हणजे पट्टीच्या सुरुवातीचे मिश्रण, आठ-दहा फ्रेमचे द्यावे. माणसाच्या चालीत प्रत्येक पाऊल आवर्तनाचा सुमारे ६० टक्के वेळ जमिनीवर असते; एक आवर्तन साधारण ३० फ्रेमचे धरले, तर पाऊल अठराएक फ्रेम टेकलेले राहते आणि आठ-दहा फ्रेमचे मिश्रण त्यात सुखाने बसते. पाऊल हवेत असताना केलेले मिश्रण घसरते.

हात उंचावण्यासाठी ‘हात’ ही ॲक्शन तिसऱ्या ट्रॅकवर ‘होल्ड फॉरवर्ड’सह ठेवावी आणि तिच्यातले कमरेचे व दोन्ही पायांचे वक्र पुसून टाकावेत. वरची पट्टी फक्त आपल्यात असलेल्या वक्रांनाच बदलते, त्यामुळे पाय ‘थांबणे’च्या शेवटच्या स्थितीत राहतात आणि हात तेवढा उठतो. मला ही युक्ती फार मोलाची वाटते, कारण उभ्या पावलांचा सांधा जुळवण्याचे कामच तिच्यामुळे उरत नाही. येथे बारा-पंधरा फ्रेमचे मिश्रण पुरते.

शेवटी कॅमेरा गल्लीच्या एका बाजूला, पावलांच्या उंचीवर ठेवून दृश्य सावकाश, फ्रेमगणिक पाहावे, कारण समोरून न दिसणारी घसरण बाजूने लगेच दिसते. सर्व सांधे मनासारखे झाल्यावर फाइलची एक प्रत बाजूला ठेवावी आणि त्यानंतरच ‘बेक ॲक्शन’ करून तिन्ही ट्रॅकची एक ॲक्शन करावी.