हाडं पाठ आहेत, पण टेबलावर ओळखता येत नाहीत? या चुका टाळा

मेडिकलच्या फर्स्ट इयरची पहिली इंटर्नल परीक्षा झाली की कोल्हापुरातलं शेंडा पार्कचं कॉलेज असो नाहीतर कसबा बावड्याचं, तक्रार एकच कानावर येते: "सर, रूमवर सगळं येत होतं." ते खोटं नसतं. रूमवर पुस्तकातलं चित्र समोर होतं, आणि चित्रातलं हाड नेहमी सरळ उभं, प्रत्येक खुणेला बाण लावलेलं असतं. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, ट्रेमधून हातात येतं ते कसंही येतं, कधी डावं, कधी उलटं, आणि कोवळ्या खुणा झिजून गेलेलं.

म्हणून हाड हातात आलं की पहिल्यांदा ते स्वतःच्या अंगाला, त्याच्या जागी लावायचं. नावं आणि खुणा त्यानंतर. खाली सांगितलेल्या बहुतेक चुका हा क्रम उलटा केल्यामुळेच होतात.

बाजू चुकते

उजवं की डावं हे ठरवायला तीन दिशा पक्क्या लागतात: वर-खाली, पुढे-मागे, आत-बाहेर. पोरं दोनवर थांबतात आणि तिसरी अंदाजाने ठोकून देतात.

क्लॅव्हिकल, म्हणजे गळ्यापासून खांद्यापर्यंतचं आडवं हाड, घ्या. बाहेरचं टोक चपटं, आतलं जाड, हे सगळ्यांना येतं. आतल्या दोन तृतीयांश भागाचा बाक पुढे, हेही येतं. पण तेवढ्यावर बाजू ठरत नाही, कारण हाड उताणं केलं तरी बाक पुढे करून धरता येतो आणि उजवं बिनबोभाट डावं होऊन जातं. खालच्या अंगाला मधल्या भागात सबक्लॅव्हियस स्नायूची लांबट खाच असते. ती खाली आहे का हे बोटाने चाचपूनच उत्तर द्या.

फिब्युलाची, म्हणजे नडगीच्या बाहेरच्या बारीक हाडाची, उगाच धास्ती असते. तिच्या कडा आणि पृष्ठभाग सुरुवातीला सोडून द्या. चपटं टोकदार मॅलिओलस (घोट्याचा उंचवटा) खाली, त्यावरचा गुळगुळीत सांध्याचा भाग आतल्या बाजूला आणि त्याच्या मागे खड्डा, म्हणजे मॅलिओलर फॉसा. एवढ्यावर बाजू ठरते. कडा नंतर आपोआप जागेवर येतात.

अल्ना, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचं करंगळीकडचं हाड, उलटी धरणारे दर बॅचमध्ये भेटतात. हाडाचं हेड म्हणजे वरचं टोक, असं गृहीत धरलेलं असतं. रेडियसचं, म्हणजे अंगठ्याकडच्या हाडाचं, हेड वर असतं, अल्नाचं खाली, मनगटापाशी. बाकावर कोपर टेकवा: टेकतं ते ओलेक्रॅनन, म्हणजे अल्नाचं वरचं टोक. आता तळहात जमिनीकडे करून मनगटाच्या पाठीवर करंगळीच्या बाजूला पाहा. जो उंचवटा दिसतो ते तिचं हेड. एकदा हात लावून पाहिलं की परत चुकत नाही.

फीमर, म्हणजे मांडीचं हाड, झेंड्याच्या काठीसारखा सरळ उभा धरला की मार्क गेलेच. खालच्या टोकाचे दोन्ही गोळे, म्हणजे कॉन्डाइल, टेबलावर एकाच वेळी टेकवा, म्हणजे दांडा आपोआप तिरका होतो आणि तीच त्याची शरीरातली ठेवण. हिप बोनला, म्हणजे कमरेच्या हाडाला, भिंत वापरा. पुढचा वरचा टोकदार कंगोरा, म्हणजे अँटेरियर सुपीरियर इलियाक स्पाइन, आणि प्यूबिक सिम्फिसिसचं (पुढे मध्यावर जिथे दोन्ही हिप बोन जुळतात त्या सांध्याचं) वरचं टोक ही दोन्ही एकाच वेळी भिंतीला टेकली पाहिजेत. बहुतेकजण हे हाड फार मागे कललेलं धरतात, आणि मग पेल्विसची (कमरेच्या हाडांच्या कड्याची) पुढची सगळी दिशाच चुकत जाते.

पहिली बरगडी वरची बाजू वर करून टेबलावर ठेवली तर तिची दोन्ही टोकं टेकतात. गुडघ्याची वाटी, म्हणजे पॅटेला, टोक आपल्यापासून लांब करून आणि सांध्याचा भाग खाली ठेवून सोडली की ज्या पायाची असेल त्या बाजूला कलते, कारण बाहेरचा सांध्याचा भाग मोठा असतो.

खूण तोंडपाठ, पण हाडावर दिसत नाही

यात निम्मा दोष प्लॅस्टिकच्या बोन सेटचा. साच्यातून निघताना बारीक रेघा आणि छिद्रं बुजतात. टिबियाच्या (नडगीच्या हाडाच्या) मागची सोलियल लाइन ही रेघ, ह्यूमरसच्या (दंडाच्या हाडाच्या) मागची रेडियल ग्रूव्ह ही खाच, न्यूट्रियंट फोरामेन (रक्तवाहिनी हाडात शिरते ते छिद्र) या गोष्टी सेटवर शोधत बसू नका, ॲनाटॉमी विभागातल्या खऱ्या हाडावर पाहा. तिथेही वरच्या ट्यूबलाइटच्या उजेडात सगळं सपाट दिसतं. मोबाईलचा टॉर्च हाडाला आडवा धरा, सावल्या पडतात आणि रेघा उठून दिसतात. मग डोळे मिटून अंगठा फिरवा.

सीनिअरकडून स्वस्तात आलेल्या सेटवर लाल-निळे पट्टे रंगवलेले असतात, लाल ओरिजिन (स्नायू सुरू होतो ती जागा), निळं इन्सर्शन (तो जाऊन चिकटतो ती). ते रंगवणारा तेव्हा फर्स्ट इयरलाच होता हे विसरू नका. पुस्तकाशी ताडून घ्या. विभागातल्या हाडावर मात्र पेन्सिलही टेकवायची नाही. ती कुणा माणसाची आहेत. एकेकाळी आपल्या देशातून मानवी सांगाडे जगभर जायचे, १९८५ साली सरकारने ही निर्यात बंद केली. 'खरी हाडं मिळतील' असं कुणी सांगितलं तर तिकडे फिरकूही नका.

दुसरा निम्मा दोष पाठांतराचा. प्रत्येक खुणेला मालक असतो. खडबडीत उंचवटा असेल तर तिथे स्नायू किंवा लिगामेंट (हाडं बांधणारा पट्टा) ओढत होतं, गुळगुळीत भाग असेल तर बहुधा सांधा, खाच असेल तर तिथून टेंडन (स्नायूची दोरी), रक्तवाहिनी किंवा नस जाते. रेडियल ग्रूव्हमधून रेडियल नर्व्ह जाते, म्हणून ह्यूमरस मध्यावर मोडला की मनगट लोंबकळतं. फिब्युलाच्या मानेला कॉमन पेरोनियल नर्व्ह वळसा घालते, म्हणून तिथे प्लॅस्टर घट्ट बसलं की पाऊल वर उचलत नाही. हे कळल्यावर ती खाच पाठ करावी लागत नाही.

अंगावर बोट ठेवताना

बरगड्या मोजताना एकाने चूक, ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक. पहिली बरगडी क्लॅव्हिकलखाली दडलेली असते. क्लॅव्हिकलखाली बोटाला लागते तीच पहिली धरली की पुढचं सगळं घसरतं. गळ्याखालच्या खळग्यातून स्टर्नमवर, म्हणजे छातीच्या मधल्या हाडावर, साधारण ५ सेंमी खाली या. आडवा कंगोरा लागेल, तो स्टर्नल अँगल. तिथून बाजूला सरकलं की दुसरी बरगडी, आणि मोजणी तिथूनच सुरू. खाली उतरताना स्टर्नमच्या कडेने उतरू नका, तिथे कूर्चा एकमेकींना खेटलेल्या असतात. तिरकं बाहेर या.

पाठीवर स्कॅप्युलाचं (खांद्याच्या पात्याचं) खालचं टोक सातव्या थोरॅसिक (छातीच्या) मणक्याच्या पातळीला येतं, पण हात सरळ खाली सोडलेले असले तरच. सरावाच्या जोडीदाराला हाताची घडी घालायला लावली की स्कॅप्युला सरकते आणि पातळी चुकते. कंबरेवर अडचण कमी आहे: दोन्ही इलियाक क्रेस्टचे (हिप बोनच्या वरच्या कडांचे) सर्वांत उंच बिंदू जोडणारी रेघ चौथ्या लंबर (कंबरेच्या) मणक्यावरून जाते.

आणि आपल्या कोल्हापूरची खास अडचण म्हणजे जोडीदार तालमीतला निघणं. कोराकॉइड प्रोसेस (स्कॅप्युलाचा पुढे आलेला भाग) क्लॅव्हिकलच्या खाली सुमारे २.५ सेंमीवर, बाहेरच्या तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला असते, पण गंगावेश तालमीच्या पैलवानाच्या खांद्यावर बोट दाबून दाबून दुखतं, हाड काही लागत नाही. अशा वेळी दाबू नका, सांधा हलवा. ॲक्रोमियनच्या (खांद्याच्या टोकाच्या हाडाच्या) खाली बोट ठेवून त्याला कोपर वाकवून हात आत-बाहेर फिरवायला सांगा: बोटाखाली सरकतो तो ग्रेटर ट्यूबरकल, म्हणजे ह्यूमरसच्या वरच्या टोकाचा उंचवटा. उताणं झोपवून पाऊल आत-बाहेर वळवलं की ग्रेटर ट्रोकँटर, म्हणजे फीमरच्या वरच्या टोकाचा बाहेरचा उंचवटा, तसाच सापडतो. नडगीसाठी मात्र फुटबॉल खेळणारा गडी गाठा, टिबियाचा आतला पृष्ठभाग कातडीखालीच असतो. हात लावण्याआधी विचारा, आणि कुणी अवघडत असेल तर स्वतःचं अंग आहेच.

कोपराचा त्रिकोण तर इथल्या प्रत्येकाला यायलाच हवा, कारण कुस्तीत कोपर निखळलेली माणसं तुम्हाला बघायला मिळणारच. हात सरळ असताना ओलेक्रॅनन आणि दोन्ही एपिकॉन्डाइल (कोपराच्या आतल्या-बाहेरच्या बाजूचे उंचवटे) एका रेषेत येतात, ९० अंशात वाकवला की त्यांचा त्रिकोण होतो. कोपर निखळलं की हा त्रिकोण बिघडतो. ह्यूमरस सांध्याच्या वर मोडला असेल, म्हणजे सुप्राकॉन्डिलर फ्रॅक्चर, तर टिकून राहतो. मनगटात रेडियसचं स्टायलॉइड (खालचं टोकदार टोक) अल्नाच्या स्टायलॉइडपेक्षा सुमारे १ सेंमी खाली असतं. कोलीज फ्रॅक्चरमध्ये, म्हणजे रेडियस मनगटापाशी मोडतो तेव्हा, दोन्ही एका पातळीला येऊ शकतात.

छोटी हाडं आणि मणके

२०६ पैकी १०६ हाडं हातापायाच्या पंज्यांतच आहेत, तरी अभ्यास शेवटच्या रात्री. कार्पल्सची, म्हणजे मनगटातल्या छोट्या हाडांची, नावं म्हणताना पहिली रांग अंगठ्याकडून सुरू करतात आणि दुसरी करंगळीकडून. दोन्ही रांगा अंगठ्याकडूनच सुरू होतात: स्कॅफॉइड, लुनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म, मग ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड, कॅपिटेट, हॅमेट.

मणका आकारावरून ओळखू नका. आधी ट्रान्सव्हर्स प्रोसेसमध्ये (मणक्याच्या बाजूला आलेल्या टोकांत) छिद्र आहे का पाहा, असेल तर सर्व्हायकल, म्हणजे मानेचा. नसेल तर बरगडीचा फॅसेट (बरगडी टेकते तो गुळगुळीत भाग) शोधा, तो थोरॅसिक. दोन्ही नसतील तर लंबर. बारावा थोरॅसिक दिसायला लंबरसारखा असतो, फॅसेट पाहिला नाही तर तिथे फसाल.

कवटी

कवटी डोळ्यांच्या खोबणीत बोटं घालून उचलायची नाही. तिथली आतली भिंत कागदासारखी पातळ असते आणि एकदा फुटली की फुटली. झायगोमॅटिक आर्चला, म्हणजे गालाच्या कमानीला, धरूनही नाही. दोन्ही हातांनी वरच्या गोलाव्याला धरा आणि टेबलावर कापडाची चुंबळ करून तिच्यावर ठेवा. उलटी केल्यावर स्टायलॉइड प्रोसेस (तळाचा सुईसारखा काटा) जपा, बहुतेक कवट्यांची आधीच मोडलेली असते.

छिद्रं तपासायला टाचणी नको, समईची लांब वात घ्या. आतून घाला आणि कुठे बाहेर येते पाहा. फोरामेन (छिद्र) ओव्हेल आणि स्पायनोसम आतूनही दिसतात आणि कवटीच्या तळालाही. रोटंडम मात्र तळाला शोधत बसू नका. ते पुढे टेरिगोपॅलेटाइन फॉसामध्ये (वरच्या जबड्यामागच्या पोकळीत) उघडतं आणि त्यातून मॅक्सिलरी नर्व्ह (वरच्या जबड्याची नस) जाते. परीक्षक कवटी उलटी करून "रोटंडम दाखव" म्हणाले तर "इथून दिसत नाही, सर" हेच बरोबर उत्तर.