कंटेनरमध्ये सॉफ्टवेअर तपासताय? या चुका टाळा

फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानासाठी आम्ही पणजीत बसून पावत्यांचं सॉफ्टवेअर लिहिलं. उबुंटू, डेबियन, अल्पाइन या लिनक्सच्या तिन्ही प्रकारांच्या कंटेनरांत (प्रोग्राम चालवायच्या बंदिस्त जागांत) चाचण्या पास झाल्या. मग पहिल्याच आठवड्यात देवस्थानातून फोन आला: काकडआरतीच्या वेळी फाडलेल्या पावत्या आदल्या दिवसाच्या हिशोबात जात होत्या.

चूक घड्याळाची होती. बहुतेक इमेज (ज्या साच्यातून कंटेनर तयार होतो तो) यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे पहाटे साडेपाचच्या आत फाडलेल्या पावतीला कंटेनर कालची तारीख देतो. आमच्या चाचण्यांतल्या सगळ्या पावत्या मात्र दुपारच्या! टीझेड या वेळ कुठली ते ठरवणाऱ्या व्हेरिएबलला 'एशिया/कोलकाता' दिलं की भागतं असं वाटतं, पण उबुंटू आणि अल्पाइनच्या मूळ इमेजमध्ये टीझेडाटा (जगभरच्या स्थानिक वेळांची माहिती) पॅकेज नसतं. ते न घालता व्हेरिएबल लावलं तर एररसुद्धा येत नाही, वेळ यूटीसीच राहते. त्यामुळे पॅकेज घाला, आणि ५.२९ व ५.३१ या दोन्ही वेळांची चाचणी लिहाच.

दुसरा घोळ देवनागरीचा. लहान इमेजमध्ये फॉन्ट नसतात, त्यामुळे पीडीएफ पावतीवर भक्ताच्या नावाऐवजी चौकोन छापले जातात. 'फाइल तयार झाली' एवढंच तपासणारी चाचणी तरीही पास होते. इमेजमध्ये नोटो देवनागरी फॉन्ट घाला आणि निदान एक पावती उघडून डोळ्यांनी वाचा.

महाजनांच्या (देवस्थानच्या सभासदांच्या) यादीचा क्रम तर मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण नाव जागेवर नसलं की माणसं दुखावतात. मराठी वर्णमालेत 'ळ' हा 'ह'च्या नंतर येतो, म्हणून केसरकर आधी, केळेकर नंतर. प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यूनिकोडमध्ये मात्र 'ळ' लगेच 'ल'च्या मागे बसलाय. अल्पाइनमधली मसल ही मूलभूत सी लायब्ररी भाषेचा क्रम जाणत नाही, ती नुसते हे क्रमांक पाहते आणि केळेकरांना वर नेते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आयसीयू लायब्ररीचं मराठी कोलेशन (अक्षरक्रमाचे नियम) स्पष्ट मागा, म्हणजे इमेज बदलली तरी यादी तीच राहील.

बाकीच्या चुका नेहमीच्याच. इमेज निवडताना 'लेटेस्ट' टॅग (आवृत्तीची खूण) वापरू नका. आज पास झालेली चाचणी उद्या दुसऱ्याच आवृत्तीवर चालेल. अनेक कंटेनर एकत्र सुरू करणाऱ्या कंपोजमध्ये नुसतं 'डिपेंड्स ऑन' (याच्यावर अवलंबून) लिहिलं तर डेटाबेसचा कंटेनर सुरू होतो, पण डेटाबेस तयार असेलच असं नाही. हेल्थचेक (डेटाबेस तयार आहे का ते पाहणारी तपासणी) लावा आणि तो 'हेल्दी' होईपर्यंत थांबायला सांगा. कंटेनरमधला 'लोकलहोस्ट' म्हणजे तो कंटेनर स्वतः, तेव्हा डेटाबेसला सर्व्हिसच्या नावाने हाक मारा. दोन चाचण्यांच्या मध्ये व्हॉल्यूमही (कंटेनरचा डेटा साठवायची जागा) पुसा, नाहीतर कालचा डेटा आजचा निकाल बिघडवतो. कंटेनर १३७ कोड देऊन बंद पडला तर आधी मेमरी बघा.

आणि तीन कंटेनर म्हणजे तीन पूर्ण मशीन नव्हेत. एकाच मशीनवरचे हे सगळे कंटेनर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) एकच वापरतात. देवस्थानच्या काउंटरवर विंडोज होतं. लिनक्सच्या कंटेनरात ते तपासताच येत नाही, म्हणून शेवटी प्रिंटरसकट सगळं आम्ही तिथे जाऊन, काउंटरवर बसून तपासलं.