नॉर्थम्बरलँडच्या सहलीत या चुका टाळा

इंग्लंडच्या ईशान्य टोकाला, स्कॉटलंडच्या सीमेला लागून असलेली नॉर्थम्बरलँड ही काउंटी सुमारे ५,००० चौरस किलोमीटर पसरलेली असून तिची लोकसंख्या जेमतेम सव्वातीन लाखांच्या घरात आहे. लंडनला मुलांकडे आलेली मराठी मंडळी एडिंबराला जाता-येता हा भाग बहुधा आगगाडीच्या खिडकीतूनच पाहतात. जे येथे उतरतात, त्यांची सहल बिघडण्याचे कारण पुष्कळदा एकच असते. त्यांनी वेळापत्रक केवळ नकाशावरची अंतरे पाहून आखलेले असते आणि भरती-ओहोटी, ऋतू व उजेड यांचा हिशेब त्यात धरलेलाच नसतो.

सर्वांत महागात पडणारी चूक लिंडिसफार्न बेटावर, म्हणजेच होली आयलंडवर जाताना होते. मुख्य भूमीपासून बेटापर्यंत गाडीरस्ता आहे, पण दिवसातून दोनदा तो भरतीच्या पाण्याखाली जातो. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत गेलेल्यांना हा प्रकार नवा नाही, मात्र येथे पायाखाली चक्क डांबरी रस्ता असल्याने पाणी येईलच कशाला, असे माणसाला वाटू लागते. सुरक्षितपणे ये-जा करण्याच्या वेळा काउंटी कौन्सिल आधीच जाहीर करते. त्या रोज बदलतात, त्यामुळे काल जाऊन आलेल्या ओळखीच्या माणसाने सांगितलेली वेळ आज उपयोगाची नसते. वारा जोराचा असेल तर पाणी जाहीर वेळेच्याही आधी चढू शकते. रस्त्यावर पाणी दिसू लागले असेल, तर ‘एवढ्यातून गाडी निघेल’ असा विचार न करता अलीकडेच थांबावे. मध्येच अडकल्यास गाडीचा मोह सोडून रस्त्यालगत खांबांवर उभारलेल्या निवाऱ्याच्या खोलीत चढावे आणि ९९९ या क्रमांकावर कोस्टगार्डला बोलवावे. ज्या दिवशी रस्ता ऐन दुपारी बंद राहणार असेल, त्या दिवशी बेत रद्द करण्याऐवजी सकाळीच पलीकडे जाऊन भरतीचे तास बेटावर काढणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण त्या वेळात गर्दी ओसरलेली असते.

बेटावर गेल्यावर होणारी चूक समजुतीची आहे. येथला पहिला मठ संत एडन यांनी इ.स. ६३५ च्या सुमारास स्थापन केला आणि ७९३ मध्ये त्यावर व्हायकिंगांनी हल्ला केला. आज दिसणारे लाल दगडाचे अवशेष मात्र त्या मठाचे नसून नॉर्मन काळात पुन्हा उभ्या राहिलेल्या मठाचे आहेत. याच बेटावर घडलेली ‘लिंडिसफार्न गॉस्पेल्स’ ही सचित्र पोथी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे, त्यामुळे ती बघण्याच्या आशेने येथवर येणाऱ्याची निराशा होते. टेकडीवरच्या सोळाव्या शतकातील गढीला विसाव्या शतकाच्या आरंभी राहत्या घराचे रूप देणारे वास्तुविशारद एडविन लट्यन्स हे पुढे नवी दिल्लीच्या आखणीमुळे आपल्याला परिचित झाले, म्हणून ती गढी मात्र चुकवू नये.

रोमन सम्राट हेड्रियनच्या भिंतीबाबतही असाच घोटाळा होतो. इ.स. १२२ मध्ये बांधायला घेतलेली ही भिंत ११७ किलोमीटर लांब होती, परंतु तिचे दगड शतकानुशतके घरे, चर्च आणि रस्ते यांसाठी उचलले गेल्यामुळे बऱ्याच ठिकाणी आज केवळ कुरणे दिसतात. वेळ एकाच दिवसाचा असेल, तर हाउसस्टेड्सचा रोमन किल्ला आणि स्टील रिगजवळचा कड्यावरचा पट्टा गाठावा. भिंतीवर चढून चालू नये, कारण पायांच्या दाबाने दगड निखळतात. जुनी छायाचित्रे पाहून भिंतीलगतच्या ‘सिकॅमोर गॅप’ या खिंडीतले प्रसिद्ध झाड शोधत येणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की, ते झाड सप्टेंबर २०२३ मध्ये रात्रीच्या अंधारात कापले गेले. बुंध्याला पुढच्या वर्षी नवे कोंब फुटले, पण ओळखीचे ते दृश्य आता नाही.

एका पासात सगळे पाहून होईल, या समजुतीमुळे खर्च वाढतो. लिंडिसफार्नचा मठ इंग्लिश हेरिटेज या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे, तर तेथलीच गढी नॅशनल ट्रस्ट या दुसऱ्या संस्थेकडे. भिंतीजवळच्या विंडोलांडा या रोमन किल्ल्याचा कारभार स्वतंत्र न्यास पाहतो, आणि ॲनिक व बॅम्बरा हे दोन्ही प्रसिद्ध किल्ले खासगी मालकीचे असल्याने तेथे वेगळे तिकीट लागते. ॲनिकला आता रेल्वेही जात नाही, त्यामुळे ॲलनमथला उतरून बस घ्यावी लागते. जुन्या स्टेशनाच्या इमारतीत सध्या जुन्या पुस्तकांचे प्रशस्त दुकान आहे आणि पुस्तकवेड्या माणसाचा अर्धा दिवस तेथेच जातो. डनस्टनबरा किल्ल्यापर्यंत गाडी नेता येत नाही. क्रॅस्टर गावातून समुद्राच्या कडेने सुमारे दोन किलोमीटर चालावे लागते.

ऋतूचा अंदाज चुकला की उपाय उरत नाही. सीहाउसेसहून बोटीने फार्न बेटांवर पफिन पक्षी पाहायला ऑगस्टच्या मध्यावर जाणाऱ्यांना ते बहुधा मिळत नाहीत, कारण जुलैअखेरपर्यंत बहुतेक पक्षी समुद्राकडे निघून गेलेले असतात. जूनमध्ये गेल्यास डोक्यावर टोपी हवीच, कारण अंड्यापिल्लांजवळून जाणाऱ्या माणसांच्या टाळूवर कुररी (टर्न) पक्षी चोची मारतात. उलट कील्डरच्या जंगलातले तारे पाहण्यासाठी जून हा सर्वांत वाईट महिना ठरतो. हा परिसर २०१३ पासून अधिकृत ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेला भाग आहे खरा, पण इतक्या उत्तरेला त्या दिवसांत मध्यरात्रीही आकाश पुरते काळे होत नाही. त्यासाठी सप्टेंबर ते मार्च हा काळ निवडावा. हिवाळ्यात मात्र ॲनिकसह अनेक वास्तू बंद असतात. त्यामुळे किल्ले आणि तारे दोन्ही पदरात पाडायचे असतील, तर सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि अमावस्येजवळच्या रात्री बघून तिकिटे काढावीत.